चावडीवरची नवी शिळा आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द

प्रति,
अध्यक्ष, सरचिटणीस व कार्यकारिणी सदस्य,
मुंबईकर ग्रामस्थ मंडळ,
कोपरखैरणे, नवी मुंबई.

तात्या, आणि मंडळाच्या सर्व कारभाऱ्यांना सप्रेम नमस्कार.

हे पत्र असं उघड्यावर लिहायची वेळ यायला नको होती. मागच्या महिन्यात नव्या शिळेचा मसुदा ग्रुपवर आला. मी त्याखाली चार ओळी लिहिल्या आणि संध्याकाळपर्यंत ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ झाला. राग नाही. वाढदिवस आणि दहाव्याचे निरोप यांच्यामध्ये माझं म्हणणं अडचणीचंच होतं. पण शिळा एकदा कोरली की ती खोडता येत नाही, म्हणून दगडावर टाकी पडायच्या आत लिहितोय.

ज्यांनी मसुदा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पाटण तालुक्यातल्या आपल्या गावची जुनी चावडी पाडून समाजमंदिर होतंय. त्याच्या दर्शनी भिंतीला पाच बाय तीनचा काळा ग्रॅनाइट बसणार. त्यावर सोनेरी अक्षरांत: ‘मायभूमीच्या रक्षणासाठी स्वेच्छेने प्राणांची आहुती देणाऱ्या गावच्या शूर वीरांना मानाचा मुजरा.’ खाली मंडळाचं बोधचिन्ह. मग ‘सौजन्य’ आणि देणगीदारांची त्रेसष्ट नावं, रकमेच्या उतरत्या क्रमाने. जुन्या पाटीबद्दल मसुद्यात एकच ओळ आहे: ‘तडकलेली असल्याने काढण्यात येईल.’

ती जुनी पाटी आपण सगळे ओळखतो. चावडीच्या भिंतीत डाव्या हाताला, हातभर लांबीचा संगमरवर. तिच्याखाली आपण गोट्या खेळलो. पाटीच्या वरच्या खिळ्याला शर्ट अडकवून ठेवायचो, म्हणजे मातीत मळायचा नाही. अक्षरं इंग्रजी, त्यामुळे सातवीपर्यंत कुणाला वाचता यायची नाहीत. तीत लिहिलंय ते एवढंच: या गावातून ४१ माणसं १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेली, त्यांपैकी ७ जणांनी प्राण दिले. बस्स. अशा पाट्या सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर, रायगड भागात गावोगाव आहेत. नमुना एकच, फक्त आकडे वेगळे. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यात तर मेलेल्यांचाच आकडा ४६ आहे. त्या गावाचं नावच पुढे ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं.

त्या सातांतला एक माझा पणजोबा.

मसुद्यातले दोन शब्द मला खुपतात, ‘मायभूमी’ आणि ‘स्वेच्छेने’. आणि तिसरी गोष्ट, जी मसुद्यात नाहीच.

मायभूमीचं आधी उरकतो, कारण त्यात वाद घालण्यासारखं फारसं नाही. १६ ऑक्टोबर १९१४ ला मुंबई बंदरातून एक ब्रिगेड जहाजांवर चढली. त्यात ११७ वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला ती फौज इराणी आखाताच्या टोकाला, फाओला उतरली. तिथे आपल्या मायभूमीचं काय होतं? जवळच आबादानला तेलशुद्धी कारखाना होता, अँग्लो-पर्शियन कंपनीचा, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्या कंपनीचे निम्म्याहून जास्त भाग विकत घेतले होते. आरमाराची जहाजं कोळशावरून तेलावर जात होती, तेव्हा तेल सांभाळायला माणूस हवा होता. पाटणच्या डोंगरातला माणूस ज्याचं रक्षण करायला गेला ती एक पाइपलाइन होती. त्यात त्याची बहादुरी कमी होत नाही, पण ग्रॅनाइटवर मायभूमी लिहिली तर पुढची पोरं समजतील की इथे पाटणवर कुणी चालून आलं होतं.

पुढे पलटणी तिग्रिस नदीच्या कडेकडेने बगदादकडे ढकलल्या गेल्या. पुण्याची म्हणून ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन, सेनापती टाउन्सहेंड. बगदादच्या तोंडाशी नोव्हेंबर १९१५ मध्ये मार खाऊन फौज मागे फिरली आणि कूत नावाच्या, नदीच्या वळणातल्या गावात अडकली. ७ डिसेंबरला तुर्कांनी वेढा आवळला. आत १०३ वी, ११० वी आणि ११७ वी, अशा तीन मराठा पलटणी. पणजोबा ११० व्या पलटणीत.

वेढा १४७ दिवस चालला. सुटका करायला खालून आलेल्या फौजेची माणसंही हजारोंनी पडली आणि कूत काही सुटलं नाही. अन्न संपत आलं तेव्हा घोडे कापले. गोऱ्या शिपायांनी खाल्ले, आपल्या बहुतेकांनी कित्येक आठवडे नाकारले. मग हिंदुस्थानातून धर्मगुरूंची परवानगी तारेने मागवली गेली. तोपर्यंत हिरड्या सुजून रक्त यायला लागलं होतं, स्कर्व्हीने. शेवटी शेवटी हिंदी शिपायाला रोजचं पीठ होतं चार औंस.

चार औंस म्हणजे किती ते मला कळेना, म्हणून एका रविवारी घरच्या काट्यावर मोजून पाहिलं. एकशे तेरा-चौदा ग्रॅम. बायकोने त्याची भाकरी थापली. एक भाकरी झाली आणि परातीत चिमूटभर उरलं, तवा झाडायला पुरेल एवढं. मी गोणी मोजणारा माणूस, टनांत विचार करतो. त्या एका भाकरीकडे बघून माझं डोकं दिवसभर चाललं नाही. दिवसाची एक भाकरी खाऊन, थंडी-पावसात, नदीच्या पुराचं पाणी भरलेल्या खंदकात, शेकडो कोसांवर. ज्याला घरी परवडायचं नाही म्हणून पलटणीत गेला, त्याची ही गत.

२९ एप्रिल १९१६ ला कूत पडलं. सुमारे तेरा हजार माणसं तुर्कांच्या हाती लागली, त्यात शिपाई आणि त्यांच्याबरोबरचे खेचरवाले, भिस्ती, हमाल अशी सगळी. त्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो वाटेत आणि कामावर मेले. टाउन्सहेंडसाहेब इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात राहिले आणि कैदेत असतानाच ‘सर’ झाले. त्यांचा स्पॉट नावाचा कुत्रा तुर्कांनी सौजन्याने परत इंग्रजांकडे पोचवला. हे मी तिखटमीठ लावून सांगत नाही, छापील आहे. आमच्या घरात फक्त एवढंच माहीत होतं की आजोबांचे वडील ‘बसऱ्याला गेले’. बसरा म्हणजे त्याच मुलखातलं बंदर. ही म्हण होती आमच्याकडे. ‘कुठे बसऱ्याला गेला होतास का?’ असं उशिरा घरी येणाऱ्या पोराला विचारायचे.

मुलीच्या लग्नाची नथ घ्यायला ठाण्यात गोखले रोडवर गेलो होतो. सराफाने मखमलीवर मोती मांडले आणि म्हणाला, “हे बसऱ्याचे, ताई. असे आता मिळत नाहीत.” बरोबर आत्या होती. तिने पाट उचलल्यासारखा तो ट्रे मागे सरकवला. “बसऱ्याचं काही नको आमच्या घरात.” सराफाला काही कळलं नाही. मलाही तेव्हा नीट कळलं नव्हतं. आत्याला तिच्या आजीने, म्हणजे माझ्या पणजीने वाढवलं होतं.

आता ‘स्वेच्छेने’.

मान्य करतो, हिंदुस्थानातल्या हिंदी माणसाला पकडून पलटणीत घालायचा कायदा इंग्रजांनी केला नव्हता. उलट, १९१७ साली सक्तीचा कायदा आला तो इथल्या गोऱ्यांसाठी होता. कागदावर आपले लोक ‘स्वयंसेवक’च. तात्या, तुमच्या मुलाने मला हेच ऐकवलं, आणि त्याचं वाचन बरोबर आहे. पण कागदावर मी सुद्धा स्वेच्छेने वयाच्या सोळाव्या वर्षी मुंबईला आलो.

पणजोबा पलटणीत गेला तेव्हा गावाने १८९९-१९०० चा दुष्काळ पाहिला होता, प्लेग पाहिला होता, आणि वावर सावकाराकडे होतं. शिपायाला महिना अकरा रुपये. ते रोख. आपल्या डोंगरात रोख पैसा देणारं दुसरं काही नव्हतं, मुंबईची गिरणी सोडून. इंग्रज अधिकाऱ्यांनी पुस्तकं लिहून ठेवली होती की अमुक जाती लढाऊ, तमुक बिनलढाऊ. अमुक तालुक्यातला मराठा काटक, तमुक मऊ. बैलबाजारात दात बघतात ना, तसं. आपला तालुका त्यांच्या दृष्टीने चांगल्या मालाचा. म्हणून आपल्याकडे रिक्रूटिंगवाले दरवर्षी यायचे. रजेवर आलेला शिपाई गणवेशात देवळासमोर फिरायचा, मागे पोरं. जास्त माणसं आणून देणाऱ्याला सनद, इनाम, साहेबाची शाबासकी. पाटलाला आणि मामलेदाराला नाही म्हणायची गावात कुणाची टाप होती?

वाशीच्या आपल्या बाजारात भरती म्हणजे गोणीत किती किलो माल बसवायचा तो हिशेब. पलटणीतल्या भरतीचा याच्याशी काही संबंध नाही, असं मला लहानपणापासून वाटायचं. मग १९१८ चे कागद वाचले. एप्रिलमध्ये दिल्लीत व्हाइसरॉयने युद्ध परिषद भरवली आणि वर्षभरात आणखी पाच लाख माणसं द्यायचं कबूल झालं. आकडा प्रांतांना वाटला गेला. आकडा वरून खाली उतरायला लागला की तळाशी बसलेल्याला तो विनंती म्हणून पोचत नाही, हे बाजारात काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. पंजाबात तर त्यासाठी मारहाण, धमक्या, पाणी अडवणं असे प्रकार झाल्याच्या साक्षी पुढे काँग्रेसच्या चौकशीत नोंदल्या गेल्या. आपल्याकडे इतकं झालं असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे तसा कागद नाही. पण त्याच वर्षी पाऊस गेला, धान्य दुपटीने महागलं आणि जूनमध्ये मुंबई बंदरात उतरलेला इन्फ्लुएंझा गावोगाव पोचला. त्या साली भरतीच्या तंबूत शिरलेल्या माणसाची स्वेच्छा मला कुणीतरी मोजून दाखवावी.

मधेच एक सांगतो, कारण यात कुणी धुतल्या तांदळाचं नाही. गांधीजी १९१८ साली खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट करत होते. टिळकांचं म्हणणं वेगळं होतं: माणसं देऊ, पण आधी स्वराज्याचं बोला आणि हिंदी माणसाला अधिकारी करा. मुंबईच्या टाउन हॉलमध्ये गव्हर्नर विलिंग्डनने भरवलेल्या परिषदेत त्यांना असं बोलूच दिलं नाही, ते उठून निघून आले. मग त्यांनी गांधींकडे पन्नास हजारांचा चेक पाठवला. तुम्ही सरकारकडून अधिकारपदांचं वचन आणा, मी महाराष्ट्रातून पाच हजार माणसं देतो. नाही दिली तर हे पैसे जप्त. गांधींनी चेक परत केला. पाच हजार माणसं, म्हणजे आपल्या तालुक्यातलीच बरीच असती. त्या पाच हजारांना कुणी विचारलं होतं का, हा प्रश्न मला टिळकांबद्दल सगळा आदर ठेवूनही पडतो.

जिथे कायदा करून पकडणं सोपं होतं तिथे याच साम्राज्याने तेही केलं. पूर्व आफ्रिकेत १९१५ साली कायदा करून काळ्या लोकांना ओझी वाहायला सक्तीने नेलं. बैल-घोडे तिथल्या माश्यांनी मरत, म्हणून तोफगोळे आणि धान्य माणसांच्या डोक्यावरून. त्यांतले लाखाच्या आसपास मेले, बहुतेक आजाराने आणि उपासमारीने. त्या हमालांच्या दलाला ‘कॅरिअर कोअर’ म्हणत. त्याचा अपभ्रंश ‘कारियाकू’, आणि टांझानियातल्या दार-ए-सलाम शहरातल्या सगळ्यात मोठ्या बाजाराचं नाव आजही तेच आहे. आपल्या मार्केटसारखंच असणार ते, पहाटे तीनला ट्रक लागत असतील. हमालांच्या नावाचं मार्केट आहे तिथे, एका परीने. हमालांची नावं मात्र तिथेही नाहीत.

नावांवर आलो, म्हणजे तिसऱ्या गोष्टीवर.

आमच्या घरी एक काशाच्या रंगाची जड चकती आहे. तळहाताएवढी, चार-पावणेपाच इंच. आम्ही तिला बिल्ला म्हणायचो. पणजीने ती आयुष्यभर लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली. माप बरोबर बसायचं. तिच्यावर एक उभी बाई, हातात माळ, पायाशी सिंह. आम्हाला वाटायचं, अंबाबाईच. भाच्याने दहावीला असताना चिंचेने घासून कडेची इंग्रजी अक्षरं वाचली: हा स्वातंत्र्य आणि सन्मान यांसाठी मरण पावला. बाई ब्रिटानिया निघाली. ही चकती युद्धात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी पाठवली होती, तेरा लाखांहून जास्त ओतल्या होत्या. बाईच्या हातातल्या माळेखाली चौकोन आहे आणि त्यात पणजोबाचं नाव आहे. हुद्दा नाही, कारण मेल्यावर सगळे सारखे असं दाखवायचं होतं. स्पेलिंग चुकलंय, पण नाव आहे, उठावदार, बोट फिरवलं तर लागतं. ज्याच्या मुलखालाच स्वातंत्र्य नव्हतं त्याने ते कुणासाठी मिळवलं, हा प्रश्न पणजीला कधी पडला असेल का, ठाऊक नाही. तिने त्यावर मिठाचा हात पुसला एवढं मी पाहिलंय.

आता बसऱ्याची गोष्ट ऐका. तिथे १९२९ साली इंग्रजांनी मोठं स्मारक उभारलं, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर लोकांचं. गोऱ्या शिपायांतला शेवटचा पोऱ्यासुद्धा त्यावर नावाने आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावं आहेत. हिंदी शिपायांचा मात्र पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा: ‘आणि इतर इतके’. ज्या साम्राज्याने चकतीवर पणजोबाचं नाव ओतलं, त्यालाच भिंतीवर ते परवडलं नाही. २०२१ साली त्यांच्याच युद्धस्मारक आयोगाने चौकशी करून मान्य केलं की हा वंशभेद होता. असा दुजाभाव झालेल्यांचा त्यांचा आकडा ४५ ते ५४ हजार, आणि जिथे नावाने किंवा मुळीच नोंद झाली नाही असे किमान १ लाख १६ हजार. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली.

आपल्या चावडीवरची पाटी ही त्या भिंतीचीच धाकटी बहीण. ४१ गेले, ७ मेले. आणि नव्या शिळेत तर तो आकडासुद्धा नाही. शंभर वर्षांनी आपण साहेबापेक्षाही कमी लिहितोय.

माझ्या वडिलांना तुम्ही ओळखता. ते सांगायचे, १९६९ चा माथाडी कायदा येण्याआधी मुकादमाच्या वहीत फक्त डोकी असायची. आज अठरा डोकी, काल बावीस. माणूस पाय मोडून पडला तर दुसऱ्या दिवशी आकडा एकाने कमी, एवढीच नोंद. आपल्याच तालुक्यातले अण्णासाहेब पाटील त्याविरुद्ध उभे राहिले. बोर्डात नोंदणी झाली, नावाचं कार्ड मिळालं, त्या दिवशी वडील मशीद बंदरहून दाढी करून घरी आले होते. ते कार्ड अजून कपाटात आहे. मंडळाच्या त्रेसष्ट देणगीदारांपैकी निम्म्यांच्या घरात असं कार्ड असेल. डोकं म्हणून मोजलं जाणं म्हणजे काय, हे कोपरखैरण्यातल्या या मंडळाला मी शिकवायला नको.

नावं मिळत नाहीत असं कुणी म्हणेल. मिळतात. त्याच आयोगाच्या संगणकीय नोंदींत हिंदी शिपायांची नावं आहेत आणि पुष्कळांपुढे बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा. स्पेलिंगं भयंकर आहेत. आपल्या गावाचं नाव मला चार प्रकारे सापडलं, एकदा तर पाटणचं पट्टण होऊन. रात्री जेवल्यावर तासभर, असे दोन महिने बसलो. सातांपैकी पाच सापडले. घरं जुळली. नावं इथे जाहीर करत नाही, आधी त्या घरांना कळायला हवं. पंजाबचं पाहा: लाहोरच्या संग्रहालयात पडून असलेल्या जुन्या वह्यांतून तीन लाखांवर शिपायांची नावं अभ्यासकांनी गावागावांनुसार संगणकावर आणली. आपल्याला सातच शोधायचे आहेत.

आणि इथे खरं अवघड बोलतो. सापडलेल्या पाचांतला एक वरच्या आळीतला नाही, खालच्या वाडीतला आहे. तेव्हाच्या महारवाड्यातला. पलटण १११ वी, महार.

या पलटणीचा इतिहास आपल्या शाळेत कुणी सांगितला नाही. महार शिपाई कंपनीच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या होते. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ने संपणारी, म्हणजे महारांची, कितीतरी. या महायुद्धाच्या शंभर वर्षं आधीच्या कंपनी सरकारलाही नावं कोरता येत होती. मग १८९० नंतर लढाऊ जातींचं शास्त्र निघालं आणि महारांची भरतीच बंद झाली. १९१० साली महार समाजाचे पुढारी शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केला, आम्हाला पुन्हा घ्या. कुणी ऐकलं नाही. १९१७ साली माणसं कमी पडायला लागली तेव्हा मात्र एकदम आठवण झाली आणि १११ वी उभी राहिली. युद्ध संपल्यावर काही वर्षांत मोडलीही. गरज सरो, वैद्य मरो. ज्याला आधी नालायक ठरवून दार लावलं, त्याच्यासाठी तीन-चार वर्षं दार उघडलं आणि पुन्हा लावलं. त्याच्या बाबतीत ‘स्वेच्छेने’ हा शब्द कसा बसवायचा? पलटणीत जायची त्याची खरोखर इच्छा होती, त्यासाठी त्याच्या समाजाने अर्ज केले होते. कारण पलटणीत पायात बूट होते, आणि गावात चावडीपुढून चप्पल हातात घेऊन जावं लागायचं. म्हणजे त्याला पलटणीकडे ढकलणारे हात साहेबाचे नव्हते. ते आपले होते.

तो ज्या घरचा, ते घर आज कळव्याला आहे. मी जाऊन आलो. त्यांच्याकडे चकती नाही, कागद नाही, पण आजीला ‘आमचे एक बसऱ्याला गेले’ एवढं ठाऊक आहे. तेच शब्द, आमच्या घरातले. निघताना त्यांच्या सुनेने विचारलं, “तुमच्या मंडळात आम्ही आहोत का?” मी म्हटलं, बघतो. बघितलं. सभासदांच्या यादीत खालच्या वाडीतलं एकही घर नाही. ‘गावचे वीर’ म्हणताना गाव कुठपर्यंत, हे मंडळाने कधी ठरवलं?

‘स्वेच्छेने’च्या जागी ‘जबरदस्तीने’ लिहा, असं मी म्हणत नाही. तेही खोटं होईल. कुणी भुकेने गेला, कुणी बुटांसाठी, कुणी पाटलाच्या धाकाने, एखादा लढाईच्या हौसेनेही गेला असेल. रायगडातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे दुसऱ्या महायुद्धात इटलीत एकटे मशीनगनवर धावून गेले आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून गेले. त्या बहादुरीला मी कोण नाव ठेवणार. पण दगडावर एक शब्द कोरून सगळ्यांची कारणं एकदम मिटवू नका. २०२३-२४ च्या सुमारास आपल्या देशातली पोरं ‘हेल्पर’ची नोकरी म्हणून रशियाला गेली, न कळणाऱ्या भाषेतल्या करारावर सही करून बसली आणि युक्रेनच्या आघाडीवर सापडली, काही मेलीही. त्या करारांवरही ‘स्वेच्छेने’च असणार.

आता सरळ मागणी. जुना संगमरवर काढायचा नाही. तडा आहे तो आहे, नव्या भिंतीत बसवून घ्या. गवंडी मी आणतो. नव्या शिळेवर ‘मायभूमी’, ‘स्वेच्छेने’, ‘आहुती’ काही नको. ‘इंग्रज साम्राज्याच्या महायुद्धात या गावातून ४१ गेले, हे परत आले नाहीत’ एवढं लिहा आणि खाली सात ओळी. पाच नावं देतो, दोन ओळी मोकळ्या सोडा, सापडतील. क्रम कसला म्हणाल तर मरणाच्या तारखेचा, म्हणजे खालची वाडी, वरची आळी हा प्रश्नच येणार नाही. शिळा उघडायच्या दिवशी कळव्याच्या घराला आधी बोलवा.

मला ठाऊक आहे, अडचण जागेची आहे. त्रेसष्ट नावं आणि सात ओळी पाच बाय तीनात बसत नाहीत, कारागीर तसं म्हणालाच. देणगीदारांत माझं नाव सदतिसावं आहे, पाच हजार रुपये. ते काढा. पैसे परत नकोत. एक ओळ मोकळी झाली. आणखी सहा जण लागतील. तात्या, तुमचं नाव पहिलं आहे.

रविवारच्या सभेला येतो. पिशवीत चकती असेल, लोणच्याचा वास अजून जात नाही तिचा.

आपला,
एक सभासद
कांदा-बटाटा मार्केट, वाशी